अशील कोण? : अमेरिकन खाजगी गुप्तहेरपटांचा एक ऐतिहासिक विचार

गुप्तहेरपट पाहावयास बसलेल्या प्रेक्षकाच्या मनात सामान्यतः एकच प्रश्न असतो : खून कोणी केला? चित्रपट संपला की ह्या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि कुतूहल शमते. ह्यामुळेच गुप्तहेरपट एकदा पाहून विसरून जाण्याची वस्तू होय, असा समज रूढ झाला आहे. तथापि ह्या चित्रपटांतील काही मोजक्या कृती अशा आहेत की, खुनी कोण हे ठाऊक झाल्यावरही त्या पुनःपुन्हा पाहाव्याशा वाटतात. इतिहासाच्या अभ्यासकाला तर त्या विशेष उपयोगी आहेत; मात्र त्याने त्यांना एक वेगळाच प्रश्न विचारावयास हवा. तो प्रश्न असा : गुप्तहेराला पैसे कोण देतो? अशील कोण?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु १९४१ ते १९७४ ह्या काळातील प्रमुख अमेरिकन खाजगी गुप्तहेरपट क्रमाने पाहिले असता असे दिसून येते की, त्यांतील खरे रहस्य बहुधा खुनाचे नसून अशिलाचे असते. सत्य शोधून काढणारा मनुष्य भाड्याने मिळतो. मग त्याने शोधलेले सत्य कोणाच्या मालकीचे? आणि ते सापडले म्हणजे न्याय होतोच काय? ह्या प्रश्नांना निरनिराळ्या दशकांतील चित्रपटांनी दिलेली उत्तरे हा अमेरिकन समाजाच्या कायद्यावरील विश्वासाचा एक आलेखच आहे. त्या आलेखाची रूपरेषा मांडणे आणि त्याबरोबरच ऐतिहासिक साधन म्हणून ह्या चित्रपटांच्या मर्यादा दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. संस्था आणि एकाकी नायक

चित्रपटांतील खाजगी गुप्तहेर एकटा असतो. लहानसे कार्यालय, दारावर नाव, एखादी चिटणीस स्त्री आणि टेबलाच्या खणात मद्याची बाटली, एवढाच त्याचा संसार. प्रत्यक्ष इतिहासातील अमेरिकन खाजगी गुप्तहेर मात्र बव्हंशी असा नव्हता. तो एका मोठ्या धंद्याचा नोकर होता.

ग्लासगो येथे १८१९ मध्ये जन्मलेल्या अॅलन पिंकर्टन ह्याने १८५० च्या सुमारास शिकागो येथे आपली गुप्तहेर संस्था स्थापन केली. त्या काळी अमेरिकेतील पोलीस दले शहरापुरती मर्यादित होती. रेल्वेमार्ग मात्र अनेक राज्ये ओलांडून जात होते आणि त्यांवरील चोर व दरोडेखोरही राज्यांच्या सीमा मानीत नव्हते. पुढे एफ.बी.आय. ह्या नावाने प्रसिद्धीस आलेले मध्यवर्ती तपासखाते १९०८ मध्ये निर्माण झाले. तोपर्यंतची पोकळी पिंकर्टनसारख्या संस्थांनी भरून काढली. उघडा डोळा आणि आपण कधीही झोपत नाही अशी ग्वाही, हे पिंकर्टन संस्थेचे बोधचिन्ह होते. खाजगी गुप्तहेराला इंग्रजीत मिळालेल्या ‘प्रायव्हेट आय’ ह्या नावाचा संबंध ह्या डोळ्याशी जोडला जातो.

परंतु हा डोळा केवळ दरोडेखोरांवर नव्हता. रेल्वे कंपन्या, खाणमालक आणि पोलाद कारखानदार हे ह्या संस्थेचे मोठे अशील होते, आणि त्यांना ज्यांच्यावर नजर हवी होती ते त्यांचेच कामगार होते. ६ जुलै १८९२ रोजी पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड येथे कार्नेगीच्या पोलाद कारखान्यातील कामगारांचा संघर्ष मोडून काढण्याकरिता सुमारे ३०० पिंकर्टन नोकर तराफ्यांतून नदीमार्गे आणले गेले. त्या दिवशीच्या चकमकीत दोन्ही पक्षांची माणसे मारली गेली. पुढील वर्षी, १८९३ मध्ये, अशा संस्थांच्या नोकरांना संघसरकारने कामावर घेऊ नये असा कायदाच करण्यात आला. तथापि खाजगी मालकांवर असे कोणतेही बंधन आले नाही. १९३६ पासून सिनेटर ला फॉलेट ह्यांच्या समितीने ह्या प्रकाराची चौकशी केली, तेव्हा कामगार संघटनांत पेरलेल्या हेरांचे प्रकरण उघडकीस आले आणि १९३७ मध्ये पिंकर्टन संस्थेने हे काम बंद केले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून डॅशिएल हॅमेट ह्याचे महत्त्व कळावयाचे नाही. १८९४ मध्ये जन्मलेला हॅमेट १९१५ मध्ये पिंकर्टन संस्थेत नोकरीस लागला. पहिल्या महायुद्धातील लष्करी सेवेत त्याची प्रकृती ढासळली व क्षयाने त्याला ग्रासले. १९२० नंतरच्या एकदोन वर्षांत त्याने ही नोकरी कायमची सोडली आणि लेखणी हाती धरली. ‘ब्लॅक मास्क’ मासिकात १९२३ पासून येऊ लागलेल्या त्याच्या कथांचा नायक एका मोठ्या संस्थेचा बिननावाचा नोकर आहे. १९२९ च्या ‘रेड हार्वेस्ट’ ह्या कादंबरीत एका खाणमालकाने संप मोडण्यासाठी गुंड आणलेले असतात आणि पुढे तेच गुंड गावाचे धनी होऊन बसतात. ज्याने हा धंदा आतून पाहिला त्यालाच हे लिहिणे शक्य होते.

हॉलिवुडने हॅमेटकडून जे घेतले त्यात मात्र हा भाग आला नाही. बिननावाच्या नोकराऐवजी त्याने सॅम स्पेड उचलला. १९३४ च्या ‘द थिन मॅन’मध्ये विल्यम पॉवेलने रंगविलेला निक चार्ल्स तर श्रीमंत पत्नी मिळाल्यामुळे धंद्यातून निवृत्तच झालेला आहे. संप, कारखाने, कामगारांतील हेर हे सर्व पडद्याआड राहिले. खाजगी गुप्तहेरपटाचा उगमच एका विस्मरणात आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ज्या गोष्टीचा उल्लेख टाळला, तिची छाया अशिलाच्या रूपाने ह्या चित्रपटांत सतत वावरत राहिली.

२. ‘द मॉल्टीज फाल्कन’ : खोटा पक्षी, खोटी अशील

हॅमेटची ‘द मॉल्टीज फाल्कन’ ही कादंबरी १९३० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि अकरा वर्षांत तिच्यावर तीन चित्रपट निघाले. तिन्ही वॉर्नर ब्रदर्स ह्याच कंपनीचे. १९३१ च्या रॉय डेल रूथकृत चित्रपटात स्पेडची भूमिका रिकार्डो कोर्टेझने केली. १९३६ मध्ये ‘सेटन मेट अ लेडी’ ह्या नावाने त्याच कथेचे विनोदी रूपांतर झाले. तिसरा चित्रपट जॉन ह्यूस्टन ह्याने १९४१ मध्ये केला. हा त्याचा पहिलाच दिग्दर्शित चित्रपट. हंफ्रे बोगार्ट, मेरी अॅस्टर, पीटर लॉरे आणि त्यापूर्वी पडद्यावर कधीही न आलेला सिडनी ग्रीनस्ट्रीट असा त्याचा नटसंच होता.

पहिल्या आणि तिसऱ्या चित्रपटाचा शेवट शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. १९३१ च्या चित्रपटात स्पेड तुरुंगात जाऊन त्या स्त्रीला भेटतो आणि आपली सरकारी वकिलाच्या कचेरीत मुख्य तपासनीस म्हणून नेमणूक झाल्याचे तिला सांगतो. खाजगी गुप्तहेर सरकारात विलीन होतो आणि प्रश्न मिटतो. १९४१ च्या चित्रपटात असे काही घडत नाही. पोलीस ब्रिजिडला घेऊन जातात, उद्वाहकाच्या दाराच्या गजांची छाया तिच्या मुद्रेवर पडते आणि स्पेड जिन्याने खाली उतरू लागतो. सरकारशी त्याने व्यवहार केला आहे. पण तो सरकारचा झालेला नाही.

ह्या चित्रपटाच्या प्रारंभीच अशिलाचा प्रश्न उभा राहतो. एक स्त्री खोटे नाव सांगून येते, हरवलेल्या बहिणीची कथा रचते आणि दोनशे डॉलर पुढे ठेवते. स्पेड पुढे तिला जे ऐकवितो त्याचा आशय असा की, आपण तिच्या कथेवर नव्हे तर तिच्या पैशांवर विश्वास ठेवला. खऱ्या कामाला लागतात त्याहून अधिक पैसे तिने दिले, म्हणजेच ती खोटे बोलत होती. ह्या एका प्रसंगात सबंध व्यवसायाचे मर्म आले आहे. सत्याला बाजारभाव असतो, आणि त्याहून अधिक दिलेले पैसे हे असत्याचे मूल्य असते. शेवटी गटमनने दिलेली हजार डॉलरची नोट स्पेड पोलिसांच्या हवाली करतो. अशिलाचा पैसा परत केला म्हणजेच तो त्या व्यवहारातून मुक्त होतो. ब्रिजिडला पोलिसांकडे सोपविताना तो कारणांची यादीच देतो. तीत नीती आहे, धंद्याची पत आहे आणि स्वतःची सुरक्षितताही आहे. त्यांतील कोणते कारण खरे हे चित्रपट सांगत नाही, आणि ह्या मौनातच त्याचे सामर्थ्य आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर येणाऱ्या मजकुरात १५३९ मध्ये माल्टाच्या ‘नाइट टेंपलर’ मंडळींनी सम्राट पाचवा चार्ल्स ह्याला सोन्याचा ससाणा धाडल्याचे सांगितले आहे. टेंपलरांचा संघ १३१२ मध्येच बरखास्त झाला होता. १५३० मध्ये चार्ल्सकडून माल्टा बेट मिळाले ते सेंट जॉनच्या संघाला, म्हणजे हॉस्पिटलरांना. आणि त्याबद्दलचा वार्षिक नजराणा होता तो जिवंत ससाण्याचा. ज्या वस्तूसाठी चार खून व अनेक विश्वासघात होतात ती शिशाची निघते, आणि तिच्याबद्दलचा इतिहासही चुकीचाच निघतो. ही चूक बुद्ध्या केलेली नसेल. परंतु चित्रपटातून इतिहास शिकू पाहणाऱ्यास ती पहिल्याच मिनिटाला मिळालेली सूचना समजावी.

३. संहिता आणि कुलीन अशील : ‘द बिग स्लीप’

१९३० मध्ये स्वीकारलेली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन ह्याच्या देखरेखीखाली कडकपणे अमलात आलेली निर्मिती-संहिता हॉलिवुडच्या चित्रपटांचे नियंत्रण करीत होती. गुन्ह्याविषयी सहानुभूती वाटू नये, कायद्याची टवाळी होऊ नये आणि गुन्हेगार शिक्षेवाचून सुटू नये, हे तिचे स्थूल सूत्र होते. ‘मॉल्टीज फाल्कन’चा १९३१ चा चित्रपट पुन्हा प्रदर्शित करण्यास ह्या संहितेखाली नकार मिळाला होता, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गुप्तहेरपटाच्या दृष्टीने ह्या संहितेचा परिणाम दुहेरी झाला. शेवट कायद्याला मानवेल असाच करावा लागे. परंतु शेवटापर्यंतचा मार्ग मात्र अधिकाधिक अंधारा आणि आडवळणाचा होत गेला. जे उघड सांगावयाचे नाही ते छायाप्रकाशाने आणि दुहेरी अर्थाच्या संभाषणाने सुचविले जाऊ लागले. १९४६ च्या उन्हाळ्यात युद्धकाळातील असे काही चित्रपट पॅरिसमध्ये एकदम दाखल झाले, तेव्हा नीनो फ्रँक ह्या समीक्षकाने त्यांना उद्देशून वापरलेले ‘फिल्म न्वार’ हे नाव पुढे रूढ झाले.

त्याच वर्षी अमेरिकेत हॉवर्ड हॉक्सचा ‘द बिग स्लीप’ प्रदर्शित झाला. मूळ कादंबरी रेमंड चँडलरची, १९३९ मधील. चँडलर शिकागोत जन्मला, लंडनजवळ शिकला आणि लॉस एंजेलिसमध्ये तेल कंपनीत अधिकारी झाला. १९३२ मध्ये ती नोकरी गेल्यावर तो गुप्तहेरकथांकडे वळला. त्याचा फिलिप मार्लो पूर्वी सरकारी वकिलाच्या कचेरीत होता आणि उद्धटपणाबद्दल तेथून निघालेला आहे. दिवसाला २५ डॉलर आणि वरखर्च हा त्याचा दर.

मार्लोचा अशील जनरल स्टर्नवुड ऑर्किडांच्या काचघरात, कोंदट उकाड्यात बसलेला भेटतो. कादंबरीत ह्या घराण्याच्या वैभवाचा उगम स्पष्ट आहे : वाडा टेकडीवर आहे आणि ज्या विहिरींतील तेलाने तो उभारला त्या खाली ओसाड पडल्या आहेत. कथेचा शेवटही त्या विहिरींपाशीच होतो. रेगनचे प्रेत तेथेच लपविलेले असते. चित्रपटातून हा प्रसंग गेला. जुगारअड्ड्याचा मालक एडी मार्स कादंबरीत सहीसलामत राहतो. चित्रपटात तो आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी मरतो आणि रेगनच्या खुनाचा दोष त्याच्या माथी मारला जातो. संहितेची मागणी पुरी झाली आणि अशिलाच्या घराण्याची अब्रूही राहिली. संपत्तीचा उगम आणि गुन्ह्याचा उगम एकच असल्याची कादंबरीतील जाणीव मात्र ह्या बदलांत लोपली.

ह्या चित्रपटाच्या निर्मितीचा वृत्तांतही बोधप्रद आहे. तो १९४५ मध्येच तयार होता व परदेशातील सैनिकांना दाखविला गेला होता. युद्धविषयक चित्रपट आधी खपविणे कंपनीला भाग असल्यामुळे त्याचे सार्वजनिक प्रदर्शन लांबले. मधल्या काळात बोगार्ट व लॉरेन बकॉल ह्यांच्या जोडीची लोकप्रियता ध्यानात घेऊन त्या दोघांचे नवे प्रसंग चित्रित झाले आणि कथानकाचा उलगडा करणारा एक प्रसंग गाळण्यात आला. मोटारचालकाचा खून कोणी केला, अशी विचारणा चित्रीकरणाच्या वेळी चँडलरकडे झाली आणि त्यालाही उत्तर ठाऊक नव्हते, असे त्याने स्वतः एका पत्रात नमूद केले आहे. तरीही चित्रपट यशस्वी झाला. प्रेक्षक खुनी कोण हे पाहावयास आलेच नव्हते, असाच ह्याचा अर्थ. एक गरीब परंतु स्वाभिमानी मनुष्य श्रीमंतांच्या घरात जाऊन त्यांच्यापुढे नमत नाही, हे पाहण्यात त्यांना रस होता.

४. अशिलाचे पतन : १९४७ आणि १९५५

पुढील दोन चित्रपट ह्या आलेखातील उताराचे टप्पे होत.

जाक तूर्नरच्या ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) मध्ये अशील उघडउघड गुन्हेगार आहे. व्हिट स्टर्लिंग नावाच्या जुगारसम्राटावर गोळी झाडून आणि त्याचे ४० हजार डॉलर घेऊन एक स्त्री पळाली आहे. तिला शोधून आणण्याचे काम जेफ स्वीकारतो. तो तिला शोधतो, तिच्यावर लुब्ध होतो आणि अशिलाशी बेइमान होतो. काही वर्षांनी पेट्रोलपंप चालवून नवे आयुष्य जगू पाहणाऱ्या ह्या माणसाला तो जुना करार पुन्हा गाठतो. स्पेडला अशिलाचे पैसे परत करून सुटता आले. जेफला ते जमत नाही. निकोलस म्युसुराका ह्याचे छायालेखन आणि रॉबर्ट मिचम ह्याचा थंड, थकलेला अभिनय ह्यांसाठी तर हा चित्रपट पाहावाच. परंतु एकदा घेतलेला पैसा मनुष्यास कसा बांधून ठेवतो, ह्याचे एवढे करुण चित्र ह्या प्रकारात दुसरे क्वचितच आढळेल.

रॉबर्ट ऑल्ड्रिचच्या ‘किस मी डेडली’ (१९५५) मध्ये तर अशीलच उरलेला नाही. मिकी स्पिलेनच्या १९५२ च्या कादंबरीतील माइक हॅमर हा ठोसेबाज नायक ए. आय. बेझरिडीस ह्याच्या पटकथेत एक हीन मनुष्य बनतो. घटस्फोटाच्या खटल्यांसाठी पुरावे गोळा करणे आणि त्यासाठी आपल्या चिटणीस स्त्रीचा आमिषासारखा उपयोग करणे हा त्याचा धंदा. रस्त्यात भेटलेल्या एका स्त्रीचा छळ होऊन खून होतो, आणि हॅमर तपासास लागतो तो न्यायासाठी नव्हे. ह्यात काही मोठे घबाड असावे ह्या वासाने. कादंबरीत त्या घबाडाचे स्वरूप अमली पदार्थांचे होते. चित्रपटात ती एक पेटी आहे, तप्त आणि आतून प्रकाशणारी. पोलीस अधिकारी तिचा उलगडा मोजक्या शब्दांत करतो : मॅनहॅटन प्रकल्प, लॉस अॅलामॉस, ट्रिनिटी.

हिरोशिमानंतर दहा वर्षांनी आलेल्या ह्या चित्रपटाचा निष्कर्ष भीषण आहे. सत्य शोधून काढण्याचे कौशल्य तेच राहिले. परंतु शोधावयाचे सत्य आता असे आहे की, ते उघडणाराच जळून जातो. सत्याचा शोध स्वभावतःच कल्याणकारी असतो, ही गुप्तहेरकथेची मूळ श्रद्धा येथे प्रथमच मोडलेली दिसते.

५. ‘चायनाटाउन’ आणि लॉस एंजेलिसचे पाणी

१९६८ मध्ये निर्मिती-संहिता संपुष्टात येऊन तिच्या जागी वयोगटांनुसार वर्गीकरणाची पद्धत आली. गुन्हेगार शिक्षेवाचून सुटू नये हे बंधन आता राहिले नाही. १९७३ मध्ये रॉबर्ट ऑल्टमनने ‘द लाँग गुडबाय’मधून मार्लोला आपल्या काळात आणून एका परक्या जगात भटकावयास लावले. त्याची पटकथा लिहिणारी ली ब्रॅकेट ही ‘द बिग स्लीप’च्या पटकथाकारांपैकी एक होती. २० जून १९७४ रोजी रोमान पोलान्स्कीचा ‘चायनाटाउन’ प्रदर्शित झाला. रॉबर्ट टाउनच्या पटकथेला त्या वर्षीचे अकादमी पारितोषिक मिळाले. खाजगी गुप्तहेरपटांत इतिहासाशी सर्वांत गुंतागुंतीचा संबंध ह्याच चित्रपटाचा आहे. म्हणून त्याचा विचार अधिक विस्ताराने करणे अवश्य आहे.

कथा १९३७ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडते. गिटीस हा चांगले कपडे, चांगले कार्यालय आणि मदतनीस असलेला, घटस्फोटाची कामे करणारा गुप्तहेर आहे. मिसेस मलरे म्हणून आलेल्या एका स्त्रीसाठी तो पाणीखात्याच्या मुख्य अभियंत्याची छायाचित्रे काढतो. ती वृत्तपत्रात झळकतात, आणि मग खरी मिसेस मलरे समोर येऊन उभी राहते. म्हणजे अशील खोटी होती, आणि एका प्रामाणिक माणसाची बदनामी करण्यासाठी गुप्तहेराचा केवळ हत्यार म्हणून वापर झालेला होता. तेहतीस वर्षांपूर्वीच्या ‘मॉल्टीज फाल्कन’चाच हा प्रारंभ, परंतु स्पेडने खोटेपणा ओळखूनच पैसे घेतले होते, गिटीसला तो ओळखूच येत नाही. ह्या हत्याराचा खरा धनी नोआ क्रॉस. ती भूमिका जॉन ह्यूस्टनने, म्हणजे ‘मॉल्टीज फाल्कन’च्याच दिग्दर्शकाने केली आहे. ज्याने ह्या प्रकाराला आकार दिला, तोच येथे त्याच्या नायकाला पराभूत करतो.

शेवटी सत्य संपूर्ण उघडे होते : पाण्याचा डाव, जमिनींची खरेदी, खून आणि एका मुलीवर पित्याने केलेला अत्याचार. आणि त्याचा काहीही उपयोग होत नाही. पोलिसाच्या गोळीने एव्हलिन मरते आणि क्रॉस त्या लहान मुलीला घेऊन जातो. टाउनच्या मनात ह्याहून कमी निष्ठुर शेवट होता. हा शेवट पोलान्स्कीच्या आग्रहाने आला. त्याच वर्षी डिसेंबरात सत्यजित राय ह्यांचा ‘सोनार केल्ला’ कलकत्त्यात प्रदर्शित झाला. त्यातील अशील हा काळजीत पडलेला एक साधा पिता आहे, आणि फेलूदाला सत्य सापडताच मूल सुखरूप राहते. सत्य आणि न्याय ह्यांची जी जोडी अमेरिकेत फुटली होती, ती बंगालमध्ये अभंग होती. शेवटांतील हा फरक केवळ दिग्दर्शकांच्या स्वभावाचा नव्हे. त्या त्या समाजातील प्रेक्षकाला काय पटण्याजोगे वाटत होते त्याचाही आहे.

आता चित्रपटातील इतिहासाकडे वळावे. टाउनला ही कथा सुचण्यास केरी मॅकविल्यम्स ह्याचा दक्षिण कॅलिफोर्नियावरील १९४६ चा ग्रंथ कारणीभूत झाला. प्रत्यक्ष घटनाक्रम असा होता. लॉस एंजेलिसचा पाणीपुरवठा १९०२ मध्ये खाजगी कंपनीकडून नगरपालिकेकडे आला. वाढत्या शहराला स्थानिक नदी पुरणार नाही हे ओळखून माजी महापौर फ्रेड ईटन आणि मुख्य अभियंता विल्यम मलहोलंड ह्यांनी सिएरा नेवाडाच्या पूर्वेकडील ओवेन्स खोऱ्याकडे दृष्टी वळविली. ईटनने हेतू जाहीर न करता तेथील जमिनी व पाण्याचे हक्क मिळविले. २९ जुलै १९०५ रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ही योजना विजयोत्सवाच्या सुरात जाहीर केली. १९०५ व १९०७ मध्ये मतदारांनी कर्जरोख्यांना मान्यता दिली. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलमार्ग सुरू झाला. पाणी प्रथम पोचले ते सॅन फर्नांडो खोऱ्यात, जेथे टाइम्सचा मालक ओटिस आणि रेल्वेमालक हंटिंग्टन ह्यांच्यासारख्यांच्या मंडळीने आधीच जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. १९१५ मध्ये ते खोरे शहरात सामील करण्यात आले. ओवेन्स खोऱ्यातील शेतकऱ्यांनी १९२४ मध्ये जलमार्गाला सुरुंग लावले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी रोखले. परंतु शेवटी त्यांना हार खावी लागली. १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीपूर्वी मलहोलंडने बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण फुटले आणि चारशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी त्याने धरणाची पाहणी करून ते सुरक्षित असल्याचे सांगितले होते. १९३५ मध्ये तो वारला.

यावरून चित्रपटाने केलेले फेरफार स्पष्ट होतात. १९०५ ते १९२८ पर्यंतच्या घटना १९३७ मधील काही दिवसांत कोंबल्या आहेत. मलहोलंड ह्या एका व्यक्तीचे दोन तुकडे करून सज्जन अभियंता व दुष्ट धनिक अशी दोन पात्रे घडविली आहेत. परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाचा फेरफार निराळाच आहे. चित्रपटात हा सारा व्यवहार गुप्त आहे. तो गुप्तहेराने उकरून काढावा लागतो. प्रत्यक्षात जमीनखरेदी करणाऱ्या मंडळीचे प्रकरण १९०५ च्या ऑगस्टमध्येच हर्स्टच्या ‘एक्झॅमिनर’ ह्या प्रतिस्पर्धी वृत्तपत्राने उघडकीस आणले होते. नागरिकांनी ते वाचले, आणि सप्टेंबरात प्रचंड बहुमताने कर्जरोख्यांच्या बाजूने मते दिली. शहराला पाणी हवे होते; ते कोणाचे आणि त्यात कोणाचा फायदा, ह्याची फिकीर फारशा कोणी केली नाही. त्या खोऱ्यात गोऱ्या वसाहतकारांपूर्वी पाट काढून जमीन भिजविणाऱ्या पायूट लोकांना तर ह्या वादात कोणी विचारलेच नाही.

सत्य उघडे होऊनही काही बदलत नाही, हे चित्रपटाचे तात्पर्य इतिहासाला सोडून नाही. परंतु त्याचे कारण इतिहासात वेगळे आहे. चित्रपटात एका धनिकाची सत्ता सत्याला चिरडते. इतिहासात ते काम मतपेटीने केले. गुप्तहेरपटाला रहस्य लागते आणि रहस्याला खलनायक लागतो. उघडपणे, कायदेशीर रीतीने आणि बहुसंख्यांच्या संमतीने झालेला अन्याय त्याच्या चौकटीत बसत नाही, कारण त्यात शोधून काढण्याजोगे फारसे काही नसते. लॉस एंजेलिसच्या पाण्याची हकीकत अनेकांना ह्या चित्रपटावरूनच ठाऊक असल्यामुळे हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. खलनायकाच्या कथेने नागरिकाची सुटका होते. इतिहासाने ती होत नाही.

मग ह्या चित्रपटाला साधन म्हणून मूल्य नाही काय? आहे, परंतु १९०५ किंवा १९३७ चे साधन म्हणून नव्हे, तर १९७४ चे साधन म्हणून. १७ जून १९७२ च्या वॉटरगेट घरफोडीचे प्रकरण त्या वेळी परमोच्च बिंदूस पोचत होते. चित्रपटानंतर सात आठवड्यांनी, ९ ऑगस्ट १९७४ रोजी, अध्यक्ष निक्सन ह्यांनी राजीनामा दिला. न्यूयॉर्क पोलीस दलातून निवृत्त झालेला अँथनी उलासेविच हा खाजगी गुप्तहेर अध्यक्षांच्या मंडळींसाठी हेरगिरी करीत होता आणि त्याचा पगार प्रचारनिधीच्या शिलकेतून दिला जात होता, हे १९७३ मध्ये सिनेट समितीपुढे आले. खाजगी गुप्तहेराचा अशील आता राज्यसत्तेच्या शिखरावर बसला होता. पटकथा ह्या घटनांवर बेतलेली नव्हती. परंतु असा चित्रपट प्रेक्षकांना पटला, तो ह्या वातावरणात.

६. निष्कर्ष

१९४१ मध्ये गुप्तहेर अशिलाचा पैसा परत करून मोकळा होऊ शकतो. १९४६ मध्ये तो अशिलाची अब्रू राखतो. १९४७ मध्ये अशिलाचा करार त्याच्या मृत्यूचे कारण होतो. १९५५ मध्ये अशीलच नाहीसा होऊन केवळ लोभ उरतो, आणि १९७४ मध्ये गुप्तहेराला आपण कोणासाठी काम करीत आहोत हे कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. ह्या क्रमात एका समाजाचा कायद्यावरील विश्वास पायरीपायरीने उतरताना दिसतो. तथापि ह्याला नैराश्याचा इतिहास एवढेच म्हणून सोडणे योग्य होणार नाही. होमस्टेडच्या तराफ्यांवरून आलेला भाडोत्री मनुष्य चित्रपटांनी प्रथम एकाकी वीर म्हणून रंगविला, आणि तीन दशकांच्या प्रवासानंतर तो पुन्हा एका धनिकाचे हत्यार म्हणून त्यांच्या हाती लागला. जे मुळात विसरले गेले होते, त्याच्याजवळ हा चित्रप्रकार स्वतःच्या मार्गाने येऊन पोचला.

त्यापुढील एक टप्पाही येथे नोंदविला पाहिजे. कार्ल फ्रँकलिनचा ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’ (१९९५) हा वॉल्टर मोझलीच्या १९९० च्या कादंबरीवरील चित्रपट १९४८ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडतो. त्याचा नायक ईझी रॉलिन्स हा विमान कारखान्यातील नोकरी गेलेला कृष्णवर्णीय कामगार आहे. घराच्या कर्जाचे हप्ते थकले आहेत. म्हणून एका गोऱ्या माणसाचे काम तो पत्करतो, कारण कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्या गोऱ्याला वावरता येत नाही. ज्या कामगाराच्या पाठीवर पिंकर्टनचा डोळा रोखलेला असे, तोच शंभर वर्षांनी पडद्यावर गुप्तहेर झाला आहे. शेवटी तो जग बदलत नाही. आपले घर तेवढे वाचवितो.

गुप्तहेर आणि इतिहासकार ह्यांची तुलना अनेकदा केली जाते. दोघेही मागे राहिलेल्या खुणांवरून घडलेल्या गोष्टीकडे जातात. वरील चित्रपटांचा बोध एवढाच की, ही तुलना अर्ध्यावर थांबविता येत नाही. गुप्तहेराला विचारावयाचा प्रश्न इतिहासकारालाही लागू आहे : हे सत्य कोणासाठी शोधले जात आहे, आणि कोणते सत्य कोणीही विकत न मागितल्यामुळे उघड्यावरच पडून राहिले आहे?